रूपचंदला रूपचंदच म्हणणार

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. पट्ट्यावरून आलेला भाग उचलायचा, फिरवून बघायचा, मोजायचा; बरोबर असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, चुकीचा असेल तर लाल ट्रेमध्ये. अकराही वर्षं कंत्राटावर. मग एका सोमवारी सकाळी गेटवर आमची कार्डं लागेनात. एकीचं लागेना, दुसरीचं लागेना, आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय. तासाभराने ठेकेदार आला आणि म्हणाला, लाइन दुसरीकडे हलवलीय, काम निघालं की फोन करतो. तो फोन अजून यायचा आहे.

नंतर मी चाकणपासून भोसरीपर्यंत हिंडले. वय सांगितलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. नवरा दुसऱ्या कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. मुलगी बारावीला. तो म्हणाला, थोडे दिवस घरी बस, विश्रांती घे. मी दोन महिने घेतली. तिसऱ्या महिन्यात रहाटणीत रस्त्याच्या कडेला, मासळीवाल्यांच्या ओळीत, एक लोखंडी टेबल, एक कोयता आणि बर्फाची पेटी घेऊन बसले.

मासे मला वडिलांमुळे माहीत होते. ते मराठवाड्यातून इथे आले, पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. त्यांच्या गावच्या नदीला चार महिनेसुद्धा पाणी नसायचं, त्यामुळे इथला मासळीबाजार बघून त्यांना वेडच लागलं. कारखान्याला गुरुवारी सुट्टी. गुरुवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून बाजारात न्यायचे. घ्यायचे एक मासा, बघायचे सगळे. विकणाऱ्या बायकांना इतके प्रश्न विचारायचे की त्या वैतागायच्या, पण सांगायच्या. घरी आलो की मोरीत मासा ठेवून त्याच्यावर ओलं पोतं टाकायचे. फक्त तोंड बाहेर.

"सांग कोण," म्हणायचे.

अंगावर जाऊ नकोस, रंगावर तर अजिबात जाऊ नकोस, असं त्यांचं म्हणणं. पाणी बदललं की रंग बदलतो. तोंड बदलत नाही, कारण तोंड पोटासाठी असतं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर उघडणारं, खालचा जबडा पुढे आलेला. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचं तोंड लहान, ओठ जाड, ओठाच्या कडेला बारीक झालर; तो मधल्या थरात. मृगळाचं तोंड रुंद आणि खाली वळलेलं, कारण तो तळ चरतो. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिन्ही मासे डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायचे. वडिलांना त्याचा एवढा अभिमान होता की पाहुणे आले की मला मोरीत नेऊन परीक्षा घ्यायचे. आईला हे मुळीच आवडत नसे. पोरीचे हात वासाचे होतात म्हणायची.

तर हे एवढं भांडवल घेऊन मी ओळीत बसले.

ओळीत आम्ही सात जण. माझ्या डाव्या हाताला एक मावशी बसायच्या. उजनीच्या बाजूच्या, सगळी हयात माशांत गेलेली. जागा मिळवून द्यायला त्यांनीच मदत केली. कोयता कसा धरायचा, खवले काढताना हात कुठे ठेवायचा, बर्फ कुठल्या बाजूने वितळतो, हे त्यांनी शिकवलं. ओळीच्या टोकाला बसणाऱ्याला सगळे दादा म्हणायचे. जागेचं, पाण्याचं, भांडणाचं काही निघालं की शब्द त्यांचा. माल आणणारा एक टेम्पोवाला होता. पहाटे तो थर्माकोलच्या पेट्या टाकून जायचा. रोहू, कटला, चिलापी आणि रूपचंद. बहुतेक सगळा माल परराज्यातल्या तळ्यांतला.

पहिल्या दिवशी त्याने रूपचंदची पेटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ताई, याला पापलेट म्हणायचं. सगळे तेच म्हणतात."

मी दोन आठवडे म्हटलं. हे मान्य करायला हवं. नवीन होते, ओळ काय करते ते बघत होते. लोक यायचे, चपटा गोलसर मासा बघायचे, "पापलेट कसे दिले?" विचारायचे आणि मी भाव सांगायचे. नाव बहुतेक वेळा गिऱ्हाईकच घ्यायचं, पण खोटं ते खोटंच.

मग एके दिवशी वाकडहून एक तरुण जोडपं आलं. बाई गरोदर होती, कोकणातली. तिने मासा हातात घेतला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मासा खाली ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेली. ती भांडली असती तर मी भांडले असते. ती नुसती बघून गेली. कंपनीत चुकीचा भाग हिरव्या ट्रेमध्ये सापडला की सुपरवायझर असंच बघायचा.

त्या संध्याकाळी मी एक रूपचंद घरी आणला आणि मुलीला मोरीत बोलावलं. तिला दाखवलं. तोंड उघड. दात बघ, माणसाच्या दाढांसारखे, चौकोनी. पापलेटचे असे दात तुला दिसणार नाहीत. पोटाखाली हात फिरव, परांची जोडी लागते का? लागते. मोठ्या पापलेटला ती नसते. आता पाठीवर बघ. मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, हा एक छोटा मांसल पर आहे, काटा नसलेला. हा पापलेटला कधीच नसतो. छातीकडे लाल झाक आहे. पापलेट समुद्रातला, हा गोड्या पाण्यातला. दोघांचं नातं आहे ते फक्त ताटासारख्या चपट्या आकाराचं.

मुलगी म्हणाली, "मग तू पापलेट का म्हणतेस?"

दुसऱ्या दिवशी मी तिची जुनी पाटी आणि खडू घेऊन गेले. टेबलाला पाटी टेकवली. लिहिलं: रूपचंद. गोड्या पाण्यातला. पापलेट नव्हे. खाली बाकीच्यांचीही नावं लिहिली.

पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या टेबलावर जाऊन विचारायला सुरुवात केली, "हे पापलेट आहे की रूपचंद?" तिथेच बिघडलं. शेजारचं टेबल मावशींचं होतं. मावशींनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद केलं. कोयत्याला धार लावायचा दगड आम्ही दोघी मिळून वापरायचो, तो त्यांनी उचलून आपल्या पाटाखाली ठेवला.

संध्याकाळी दादा आले. ओरडले नाहीत, समजावणीच्या सुरात बोलले. ओळ म्हणजे एक घर, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नसते. लोकांना पापलेट खाल्ल्याचं समाधान मिळतं, आपल्याला गिऱ्हाईक मिळतं, यात कोणाचं वाईट होतं? मी म्हटलं, ज्याला फसवलं त्याचं. ते म्हणाले, कळतच नाही तर फसला कसा?

"मला कळतं ना," मी म्हटलं.

त्यांनी पाटी काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या पहाटे टेम्पो आला, सहा जणांच्या पेट्या उतरवल्या आणि माझ्या टेबलासमोरून न थांबता गेला.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस, त्याला शांतता हवी होती. म्हणाला, अगं पाटी काढ आणि मोकळी हो. जगाला सुधारायचा ठेका आपण घेतलाय का? आणि मग जरा घुश्शात म्हणाला की तसंही आपली ताई विचारत होती, विहारात पंचशील म्हणता आणि बाहेर मासे कापता, हे कसं?

माझ्या नणंदेचा हा टोमणा मी आधीही ऐकला होता. त्या दिवशी मात्र उत्तर आपसूक आलं.

"पाचातलं पहिलं शील, जीव न घेण्याचं, माझ्याकडून रोज मोडतं," मी म्हटलं. "ते मी लपवत नाही, त्यावर माझं घर चालतं. पण चौथं, खोटं न बोलण्याचं, ते तरी शाबूत राहू दे. दोन-दोन शीलं मोडून मला धंदा करायचा नाही."

त्याने जेवण संपवलं, हात धुतले. मग म्हणाला, माल कुठून आणणार?

चाकणच्या पलीकडे, भामा नदीवर धरण आहे. कंपनीत असताना आमच्या टेबलावरची एक बाई तिकडची होती. ती सांगायची की सकाळी जाळेवाले काठावर मासे आणतात आणि तिथेच विकतात. मी पहाटे स्कूटी काढली. चाकणच्या चौकातून फर्स्ट शिफ्टच्या बस भरभरून निघाल्या होत्या. मला त्यातल्या खिडक्यांकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. मग मोठा रस्ता सोडला, डोंगर जवळ आले आणि पाणी दिसलं.

काठावर चार होड्या लागलेल्या. एक म्हातारा जाळं झाडत होता, त्याची बायको मासे वेगळे करत होती. मी माल विकत हवा म्हटलं. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शहरातून एकटी बाई, स्कूटीवर, थर्माकोलची पेटी बांधून. त्याचे ठरलेले व्यापारी होते. त्याने गाव विचारलं, मी रहाटणी सांगितलं. मूळ गाव विचारलं, तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. ते का विचारतात हे मला शाळेपासून माहीत आहे.

"आडनाव घातल्याने रस्सा चांगला होत असेल तर सांगते," मी म्हटलं. "नसेल तर मासे दाखवा."

म्हातारी मान खाली घालून हसली. म्हाताऱ्याला हसू आलं नाही. त्याने पुढ्यातला ढीग माझ्याकडे ढकलला आणि म्हणाला, "कटला हाय सगळा. घ्या."

मी खाली बसले. ढिगात हात घातला. वरचे चार कटला होते, मोठं डोकं, मोठे खवले. पाचवा उचलला आणि कळलं. डोकं तसंच, तोंडही वर वळलेलं, घाईत कोणीही कटला म्हणेल. पण खवले अगदी बारीक, आणि डोळा नको तितका खाली, जवळजवळ जबड्याच्या रेषेत. पोटावरून अंगठा फिरवला तर धार लागली. तो बाजूला ठेवला. मग सहावा, सातवा. ढिगाचे दोन ढीग केले.

"हे कटला," मी म्हटलं. "हे सिल्व्हर कार्प. सिल्व्हर मी घेईन, पण सिल्व्हरच्या कमी भावाने."

म्हाताऱ्याने दोन्ही ढीग नीट बघितले, जणू मीच चुकले असेन तर बरं. मग बायकोला म्हणाला, "वजन कर." म्हातारीने टोपलीच्या तळातून एक चंदेरी मासा काढून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हा कोण? मला माहीत नव्हता. मी तसं सांगितलं. तिने त्याचा पाठीवरचा पर उभा करून दाखवला, शिडासारखा, मधे खाच असलेला, आणि म्हणाली, ही कोळशी. मी दोनदा म्हणून घेतलं. माहीत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मला वाटतं, ढीग वेगळे करण्यापेक्षा त्याला तेच जास्त पटलं असावं.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी जायला लागले. माल कमी असायचा, पण ताजा. पाटीवरची नावं वाढली. कोळशी, वाम, मरळ. मरळ दाखवताना मी लोकांना सांगायचे, डोकं बघा, सापासारखं, वरून मोठ्या खवल्यांचं. वाम लांबडी, पण साप नाही, नाकपुडा पुढे टोकदार निघालेला असतो. काही जण नुसतं ऐकायला थांबायचे. ताथवड्याच्या कॉलेजातल्या दोन मुली वहीत चित्रं काढून न्यायच्या. ओळीतल्या बाकीच्यांना हे सगळं नाटक वाटत होतं. मावशी अजून बोलत नव्हत्या. त्यांच्या टेबलावर रूपचंद होता आणि तो पापलेटच होता.

एकदा म्हातारीने मला जिवंत शिंगी दिल्या, धरणाखालच्या डबक्यांतल्या. शिंगीचा रस्सा बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला देतात. मी निळ्या टबात पाणी घालून त्या ठेवल्या. दुपारपर्यंत निम्म्या विकल्या गेल्या.

पाचच्या सुमारास एक गाडी थांबली. त्यातून एक साहेब आणि एक मदतनीस उतरले. सरकारी कामाचे, हातात फाइल. साहेबांनी सांगितलं की तक्रार आलीय, या टेबलावर बंदी असलेला विदेशी मांगूर विकला जातो. तक्रार कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला आजही माहीत नाही. त्यांनी टबात डोकावलं. काळपट अंग, खवले नाहीत, चपटं डोकं, लांब मिशा. मदतनीसाला म्हणाले, घे उचलून, नष्ट करायचा माल आहे.

मी टबाच्या काठावर दोन्ही हात ठेवले.

तो मांगूर नाही, शिंगी आहे, मी सांगितलं. साहेब म्हणाले, आम्हाला शिकवू नका, मिशा दिसताहेत. मी म्हटलं, मिशा दोघांनाही आठच असतात, मिशांवरून कळणार नाही. विदेशी मांगूरवरची बंदी बरोबर आहे, तो पाण्यातलं बाकी सगळं खाऊन टाकतो, माझ्याकडे सापडला तर मीच तुमच्या गाडीत आणून टाकेन. पण हा तो नाही. तेवढ्यात माणसं जमली होती. दादा टोकाच्या टेबलावरून बघत होते, उठले नव्हते. साहेबांना गर्दी आवडली नाही. ते म्हणाले, "बाई, हात काढा. सरकारी कामात अडथळा आणू नका."

हात काढले असते तर टब गेला असता, आणि टबाबरोबर पाटीही गेली असती. उद्यापासून सगळे म्हणाले असते, मोठी नावं लिहिणारी, स्वतःच बंदीचा मासा विकत होती.

"अडथळा आणत नाही, मोजायला सांगतेय," मी म्हटलं. "मोजा आणि लिहा."

पिशवीत माझी सहा इंची स्टीलची पट्टी असायची. कंपनीतली सवय. मी ओल्या फडक्याने एक शिंगी उचलली, डोक्यामागे, काट्यांच्या मागून पकडून, आणि त्यांच्यासमोर धरली. पाठीवरचा पर दाखवला. मांगूरचा पर डोक्यामागे सुरू होतो तो थेट शेपटीपर्यंत जातो. शिंगीचा एवढासा, नखाएवढा, डोक्याच्या जवळ, आणि पुढे सगळी पाठ मोकळी. पट्टी लावा. साहेबांनी पट्टी हातात घेतली, पण लावावी की नाही ते त्यांचं ठरेना.

मदतनीसाने नीट दिसावं म्हणून शेपटीला धरून ओढलं. शिंगी वळली आणि तिचा बाजूचा काटा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला.

ज्याला शिंगी लागलीय त्यालाच ते कळेल. कोपरापर्यंत आग गेली, डोळ्यांत पाणी आलं. मासा मी सोडला नाही. सोडला असता तर तो रस्त्यावर पडला असता आणि बोलणं तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, "लावा पट्टी, साहेब. मला जास्त वेळ धरता येणार नाही."

तेव्हा मावशी उठल्या. दीड महिना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या साहेब आणि माझ्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"ही शिंगी हाय," त्या म्हणाल्या. "माज्या तिन्ही बाळंतपणाला हिचाच रस्सा पिले मी. मांगूर बी लई बघितलाय. ह्या पोरीचं रगत निगाय लागलंय, मोजायचं आसंल तर मोजा, न्हाईतर तिच्या हातातला मासा तुमच्या हातात घ्या."

साहेबांनी पट्टी लावली. पर मोजला, मासा मोजला. मग मासा टबात सोडला आणि मी हात छातीशी धरून बसले. ते फाइलमध्ये लिहायला लागले की मांगूर आढळला नाही. मी म्हटलं, एवढं पुरणार नाही. काय आढळलं ते लिहा, कशावरून ओळखलं ते लिहा. ते म्हणाले, इतकं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, उद्या दुसरी तक्रार आली आणि दुसरे साहेब आले तर मी पुन्हा हात फोडून घेऊ का?

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. तरुणच होते, वाईट माणूस नव्हता. लिहिलं त्यांनी: मासा शिंगी, पाठीवरील पर आखूड, मांगूर नव्हे. खाली सही केली. जाताना मला दवाखान्यात जायला सांगितलं आणि टबाकडे पुन्हा एकदा वाकून बघितलं, या वेळी शिकण्यासाठी.

मावशींनी चहाच्या गाडीवरून कढत पाणी आणलं आणि माझा हात त्यात बुडवून धरला. गरम पाण्याने ही आग उतरते, हे मला माहीत नव्हतं. मी आभार मानायला लागले तशा त्या म्हणाल्या, "गप. तुज्या पाटीनं माजं गिऱ्हाईक तोडलं, ते मी इसरले न्हाई. पर शिंगीला कुनी मांगूर म्हनंल तर मला न्हाई चालायचं."

त्यांनी रूपचंदला पापलेट म्हणणं सोडलं नाही. फक्त कोणी सरळ तोंडावर विचारलं तर खोटं बोलत नाहीत, "तिला इचारा" म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. आमच्यात यापलीकडे काही ठरलेलं नाही. धार लावायचा दगड पुन्हा मधे आला. दादा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस त्यांच्या सुनेसाठी शिंगी मागायला आले. मी दिली. टेम्पोवाला माझ्यासमोर अजून थांबत नाही, आणि मीही त्याची वाट बघत नाही. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी पाटीच्या जागी पत्र्याचा फलक करून आणला, त्यावर पांढऱ्या रंगाने नावं लिहिली. दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत. मुलीने दाखवल्या, मी तशाच ठेवल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर धरणावरून म्हाताऱ्याचा फोन आला. जाळ्यात कुठला तरी मासा आलाय, कोणालाच ओळखता येत नाही, तुम्ही या. माझा जायचा दिवस नव्हता, तरी गेले. काठावर पाच-सहा जाळेवाले गोल करून उभे होते. मधे पालथ्या टोपलीखाली मासा. टोपली काढली. अंगावर खवल्यांच्या जागी चिलखतासारख्या खरखरीत पट्ट्या, सगळीकडे ठिपके, पाठीवर शिडाएवढा पर, आणि तोंड पूर्ण खाली, वाटीसारखं. मी त्याला उलटा केला. त्या तोंडाने तो माझ्या तळहाताला चिकटला.

मला आठवलं. पिंपळे सौदागरला मुलीच्या मैत्रिणीच्या घरी काचेची टाकी आहे, त्यात असाच एक, बोटभर लांबीचा, काच चाटत फिरतो. कोणीतरी मोठा झालेला आणून पाण्यात सोडला असणार. मी सांगितलं की हा इथला नाही, टाकीतला आहे, आणि त्याचं नीट नाव मी विचारून सांगेन.

एक तरुण जाळेवाला म्हणाला, जिवंत आहे, खायच्या कामाचा नाही, पाण्यात टाकून देऊ. त्याने हात पुढे केला.

मी मासा पोटाशी धरला. "पाण्यात नाही," मी म्हटलं. "हा वाढला तर तुमची जाळी फाडेल, कोळशीची अंडी खाईल. पाण्यात जाणार नाही."

तो हसून म्हणाला, "ताई, धरण काय तुमचं हाय व्हय?"

म्हातारा मधे पडेल असं मला वाटलं होतं, पण त्याने नुसतं हातातलं जाळं खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते ते ऐकायला.

"नाही," मी म्हटलं. "तरी जाणार नाही."

मी चपला काढल्या, काठावरच्या दगडावर बसले आणि तो मासा, जीव जाईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून, मांडीवर घेतला. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मंद होत होती. माझ्या ओढणीला शेवाळाचा वास लागला. तरुण जाळेवाला थोडा वेळ उभा राहिला, मग आपल्या होडीकडे गेला. म्हातारी येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने त्या माशाच्या तोंडावरून, पट्ट्यांवरून, परावरून सावकाश बोट फिरवायला सुरुवात केली.